रोहिणींतील रक्त आणि चौथा घात



शरीराचा आणि गणिताचा संबंध काय असें कोणी विचारलें, तर नाडीचे ठोके मोजणें आणि तापाचा पारा पाहणें यांपलीकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कांहीं येत नाहीं. परंतु आपल्या अंगांतील रक्त हा नळ्यांतून वाहणारा एक द्रव पदार्थ आहे, आणि नळींतून वाहणाऱ्या द्रवास कांहीं नियम आहेत. ते नियम रक्तवाहिन्यांस लावून हृदयविकाराच्या मुळाशीं असलेल्या रोगाचा माग काढण्याचा उद्योग पुष्कळ वर्षांपासून चालू आहे. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे, मोठा गणितीहि नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें सारा जन्म मुलांना त्रैराशिक, वर्ग आणि घन शिकविण्यांत घालविला. तेव्हां या भाषणांतील गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जाणार नाहीं, याची हमी देतों.

प्रथम दोन-चार नांवें सांगतों. हृदयापासून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी किंवा धमनी म्हणतात. सर्वांत मोठी ती महारोहिणी. तिचा व्यास सुमारें २.५ सेंटिमीटर. खुद्द हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या त्या हृद्‌रोहिणी. त्यांचा व्यास अवघा ३ ते ४ मिलिमीटर. रोहिणींना फांटे फुटत फुटत शेवटीं ज्या बारीक शाखा होतात त्यांस रोहिणिका म्हणूं. आणि रोहिणीच्या भिंतींत वर्षानुवर्षें मेद सांचून जो फुगवटा तयार होतो त्यास लेप म्हणूं. हा लेप भिंतीवर बाहेरून थापलेला नसतो. तो भिंतीच्या अस्तराखालीं, आंतल्या आंत वाढतो. घरांतील नळ गंजून त्यांत थर बसतो, त्याची उपमा नेहमीं देण्यांत येते. परंतु ती येथें लागू पडत नाहीं. नळ निर्जीव आहे, रोहिणीची भिंत सजीव आहे. हा भेद पुढें आपल्या उपयोगीं पडेल.

गणितानें या घरांत ठाम पाऊल टाकलें तें १६२८ सालीं. रक्त यकृतांत तयार होतें आणि अवयवांत जिरून जातें, अशी तोंवर युरोपांत समजूत होती. इंग्लंडांतील वैद्य विल्यम हार्वे यानें एक साधा गुणाकार केला. एका ठोक्यास हृदय किती रक्त बाहेर टाकतें याचा त्यानें मुद्दाम कमी अंदाज धरला आणि त्यास अर्ध्या तासांतील ठोक्यांनीं गुणिलें. उत्तर सबंध देहांतील रक्ताहून अधिक आलें! एवढें रक्त दर अर्ध्या तासास नवें निर्माण होणें अशक्य. अर्थात् तेंच रक्त फिरून परत येत असलें पाहिजे. आजचे आंकडे घेतले तर हिशेब अधिकच ठसठशीत होतो. एका ठोक्यास ७० मिलिलिटर, मिनिटास ७२ ठोके, म्हणजे ५,०४० मिलिलिटर. देहांतील एकूण रक्त सुमारें ५ लिटर. म्हणजे जवळजवळ सारें रक्त दर मिनिटास एक फेरा करतें.

पुढें १७३३ सालीं स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घोडीच्या रोहिणींत नळी बसवून तिला त्यानें उंच काचेची नळी जोडली, तेव्हां रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलें. रक्ताचा दाब मनुष्यानें असा प्रथम मोजला. १७७५ च्या सुमारास विख्यात गणिती ऑयलर यानें रोहिणींतील प्रवाहाचीं समीकरणें मांडलीं; परंतु तीं सोडविणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे असा निर्वाळा देऊन तो थांबला. त्याचा हा लेख छापून निघाला तो त्याच्या मृत्यूनंतर, १८६२ सालीं.

आतां ज्या नियमावर माझें भाषण उभें आहे त्याकडे वळतों. पॅरिस येथील वैद्य प्वाझय यानें १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांतून द्रव सोडून अत्यंत काळजीपूर्वक मापें घेतलीं. जर्मनींतील हागेन हा इंजिनियर १८३९ मध्यें स्वतंत्रपणें तशाच निष्कर्षास पोंचला होता. नियम असा: दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, नळीची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो, परंतु नळीचा व्यास दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट नव्हे, चौपटहि नव्हे, तर १६ पट होतो. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत बदलतो. याचें कारण कठीण नाहीं. व्यास दुप्पट झाला कीं तोंडाचें क्षेत्रफळ चौपट होतें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. शिवाय भिंतीलगतचा द्रव जवळजवळ स्थिर असतो आणि मधला वेगानें धांवतो. रुंद नळींत मधला द्रव भिंतीपासून अधिक दूर असल्यामुळें सरासरी वेगहि चौपट होतो. चार गुणिले चार, सोळा.

हा चौथा घात आपल्या नेहमींच्या व्यवहारांत येत नाहीं, म्हणूनच तो मनुष्यास चकवितो. माझ्या एका समवयस्क स्नेह्यांस तपासणीअंतीं सांगण्यांत आलें कीं, त्यांची एक हृद्‌रोहिणी ५० टक्के अरुंद झाली आहे. ते मजकडे आले ते अगदीं खचून. म्हणाले, "मास्तर, निम्में रक्त बंद झालें, आतां निम्म्या हृदयावर किती दिवस काढावयाचे?" मीं त्यांस विचारलें, "अण्णा, हे ५० टक्के कशाचे? व्यासाचे, क्षेत्रफळाचे, कीं रक्ताचे?" तिन्ही गोष्टी भिन्न आहेत. वैद्य लोक टक्के सांगतात ते बहुधा व्यासाचे. व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरतें, आणि तेवढ्या तुकड्यांतील रोध १६ पट होतो. हें ऐकून ते अधिकच घाबरले. तेव्हां मीं त्यांना पाटी घेऊन बसविलें आणि जो हिशेब करून दाखविला तोच आपणांपुढें ठेवतों. यांतील आंकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत. कोणा रोग्याचे नव्हेत.

असें धरा कीं, हृदयाच्या स्नायूकडे जाणाऱ्या वाटेचा एकंदर रोध १०० आहे. त्यांपैकीं मोठ्या रोहिणीचा वांटा केवळ १ आणि पुढील असंख्य रोहिणिकांचा ९९. हें असेंच असतें. निरोगी मोठी रोहिणी म्हणजे हमरस्ता, आणि खरी अडवणूक पुढल्या बोळांत. मनुष्य धांवूं लागला, जिना चढूं लागला, कीं ह्या रोहिणिका सैल होऊन रुंदावतात. त्यांचा रोध ९९ वरून १९ वर उतरला असें माना. एकूण रोध २० झाला, म्हणजे रक्त ५ पट वाहूं लागलें. ही पांच पटींची शिल्लक निरोगी हृदयाचें खरें भांडवल होय.

आतां मोठ्या रोहिणीच्या एक दशांश लांबींत व्यास निम्मा झाला. त्या तुकड्याचा रोध ०.१ होता तो १.६ झाला, बाकीचा ०.९ कायम. बेरीज २.५. विश्रांतीच्या वेळीं रोहिणिका किंचित् सैल होऊन हा दीडाचा फरक सहज भरून काढतात. श्रमाच्या वेळीं एकूण रोध २.५ अधिक १९, म्हणजे २१.५. प्रवाह पांच पटींऐवजीं साडेचार पटींहून थोडा अधिक. अण्णांचें निम्में रक्त बंद झालें नव्हतें. भांडवलांतील अल्पसा भाग तेवढा कमी झाला होता.

परंतु व्यास एक पंचमांश उरला, म्हणजे ८० टक्के अरुंदी झाली, तर? पांचाचा चौथा घात ६२५. त्या तुकड्याचा रोध ६२.५, आणि बाकीचा मिळवून ६३.४. विश्रांतीच्या वेळीं रोहिणिका ९९ वरून ३६.६ पर्यंत सैल होतात आणि प्रवाह पूर्ववत् राखतात. रोगी खुर्चींत बसला असतांना त्यास कांहींच जाणवत नाहीं. मात्र तो उठून चढण चढूं लागला कीं रोध ६३.४ अधिक १९, म्हणजे ८२.४ च्या खालीं उतरतच नाहीं. प्रवाह पांच पटींऐवजीं सव्वापटहि वाढत नाहीं. स्नायु रक्तास मुकतो आणि छातींत कळ येते. बसल्या जागीं बरें वाटणारा मनुष्य चालतांना छाती कां धरतो, याचें उत्तर त्या चौथ्या घातांत आहे. आणि अशी कळ येणाऱ्यानें "विश्रांतींत तर कांहीं होत नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसूं नये, हाहि बोध त्यांतच आहे.

याच विचारावर वैद्यांनीं एक माप बसविलें आहे. औषधानें रोहिणिका पूर्ण सैल करावयाच्या आणि अरुंद जागेच्या पलीकडील दाबास अलीकडील दाबानें भागावयाचें. आपल्या पाटीवरील पहिल्या उदाहरणांत हा भागाकार १९ भागिले २१.५, म्हणजे सुमारें ०.८८ येतो, दुसऱ्यांत १९ भागिले ८२.४, म्हणजे ०.२३. नेदरलंड्सचे पाइल्स, बेल्जमचे डी ब्रॉयन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं या मापाची उपयुक्तता दाखविली. पुढें ०.८० ही सीमा धरून १,००५ रोग्यांवर मोठी परीक्षा झाली. तिचे निकाल २००९ मध्यें प्रसिद्ध झाले. केवळ छायाचित्रावरून जाळीची नळी बसविलेल्या गटांत वर्षभरांत मृत्यु, हृदयाघात किंवा पुनःशस्त्रक्रिया यांचें प्रमाण १८.३ टक्के होतें. हा भागाकार पाहून मगच नळी बसविलेल्या गटांत तें १३.२ टक्के आलें. नळ्याहि कमी लागल्या. डोळ्यांना अरुंद दिसणें निराळें, आणि रक्ताची खरी अडवणूक होणें निराळें, हें येथें रोग्यांच्या जीवावर मोजून सिद्ध झालें.

प्वाझयचा नियम सरळ, ताठर नळीस आणि एकसारख्या प्रवाहास लागू आहे. रोहिणी तर वांकडी, लवचीक आणि ठोक्याठोक्यास धडधडणारी. धडधडत्या प्रवाहाचें गणित १९५५ सालीं वोमर्स्ली या इंग्रज गणित्यानें नीटपणें मांडलें. पुढें गणकयंत्रें आलीं आणि ऑयलरनें सोडून दिलेलें काम हातीं घेतां आलें. रोहिणीचें त्रिमितीय छायाचित्र घ्यावयाचें, आंतील पोकळीचे कल्पनेनें लाखों बारीक तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकड्यास एकोणिसाव्या शतकांतील नाव्हिए व स्टोक्स यांचीं समीकरणें लावून यंत्राकडून उत्तर काढावयाचें, अशी ही रीत. दाबाचा तो भागाकार हृदयांत तार न घालतां या रीतीनें काढण्यास अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्यानें २०१४ सालीं मान्यता दिली.

एथवर झाला तो लेपानें प्रवाहावर केलेल्या परिणामाचा विचार. आतां उलट प्रश्न विचारूं: प्रवाह लेपावर काय परिणाम करतो? साखर, मेद, दाब हीं सबंध देहास सारखींच. मग लेप कांहीं ठराविक ठिकाणींच, फांट्यांपाशीं आणि वळणांच्या आंतल्या अंगास कां धरतो?

वाहतें रक्त भिंतीस दोन प्रकारांनीं स्पर्श करतें. एक दाब, जो भिंतीस बाहेर ढकलतो. दुसरी ओढ, जी भिंतीच्या अस्तरास प्रवाहाच्या दिशेनें खेंचते. निरोगी रोहिणींत ही ओढ दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते २० डाइन असते. दाबाच्या मानानें ती सुमारें दहाहजारावा हिस्सा आहे. तथापि अस्तराच्या पेशींना ती बरोबर कळते. अमेरिकेंतील डोनाल्ड फ्राय यांनीं १९६८ मध्यें कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, ओढ फार झाली तर अस्तर जखमी होतें. त्यावरून जोराच्या प्रवाहानें लेप धरतो असें कोणासहि वाटावें. परंतु दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील कॉलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी यांनीं नेमका उलट पक्ष मांडला: लेप धरतो तो ओढ कमी असते तेथें. १९८५ मध्यें मानेंतील रोहिणीच्या फांट्याची प्रतिकृति करून कू, गिडन्स, झारिन्स व ग्लागॉव्ह यांनीं प्रवाह मोजला आणि मृतांच्या रोहिणींतील लेपाशीं ताडून पाहिला. जेथें ओढ मंद आणि मागें-पुढें हेलकावणारी, तेथेंच लेप जाड होता. आज बहुतेक शास्त्रज्ञ याच मताचे आहेत.

नदीच्या वळणावर आंतल्या अंगास गाळ बसतो, हें आपण पाहतों. तथापि येथें गाळ खालीं बसत नाहीं, तर भिंत स्वतः बदलते. मंद ओढीखालीं अस्तराच्या पेशी शिथिल होतात, त्यांच्या फटींतून रक्तांतील मेदवाहक कण भिंतींत शिरतात आणि तेथें विकृत होतात. त्यांना गिळण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी मेदानें फुगून तेथेंच अडकतात. हा दाह होय. म्हणून लेपाच्या वाढीचें गणित मांडणाऱ्यांना केवळ प्रवाहाचीं समीकरणें पुरत नाहींत. किती कण आंत आले, किती पेशी आल्या, किती मेल्या, याचा जमाखर्च मांडणारीं समीकरणें जोडावीं लागतात. शिवाय दोन घड्याळें संभाळावीं लागतात. हृदयाचा ठोका सेकंदाचा, लेपाची वाढ वर्षांची. आणि दिवसास ठोके एक लाखाहून अधिक. प्रत्येक ठोका मोजूं लागलें तर यंत्रहि थकेल. म्हणून एका ठोक्याची सरासरी ओढ काढावयाची, तीवरून कांहीं महिन्यांची वाढ काढावयाची, बदललेल्या आकारांत पुन्हां प्रवाह काढावयाचा, असें पाळीपाळीनें चालतात.

येथें एक कोडें उभें राहतें. तोच प्रवाह अरुंद जागेंतून जाऊं लागला कीं ओढ वाढते, आणि ती व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत वाढते. व्यास निम्मा झाला कीं ओढ ८ पट. मंद ओढीनें लेप वाढतो, तर लेपानें ओढ वाढतांच त्याची वाढ आपोआप थांबावयास पाहिजे. मग ती थांबत कां नाहीं? याचीं दोन उत्तरें सांपडलीं आहेत. पहिलें, अरुंद जागेच्या पुढल्या अंगास भोंवरे होऊन तेथें ओढ पुन्हां मंद होते, आणि लेप तिकडे पसरतो. दुसरें अधिक महत्त्वाचें. १९८७ सालीं शिकागोच्या ग्लागॉव्ह आणि सहकाऱ्यांनीं १३६ मृतांच्या हृद्‌रोहिणी तपासल्या. त्यांस आढळलें कीं, लेप वाढूं लागला कीं रोहिणी बाहेरच्या बाजूस फुगते आणि आंतली वाट मोकळी ठेवते. लेपानें भिंतीआंतील सुमारें ४० टक्के क्षेत्र व्यापीपर्यंत वाट अरुंद होतच नाहीं. सजीव भिंत ओढ कायम राखण्यासाठीं रुंदावते, आणि त्याच धडपडींत रोगास जागा करून देते! वाटेच्या छायाचित्रांत कांहीं दिसत नाहीं. परंतु भिंतींत लेप असतो.

आणि येथूनच या विषयांतील सर्वांत गंभीर भाग सुरू होतो. हृदयाघात पुष्कळदां रोहिणी हळूहळू बुजून येत नाहीं. लेपावरील पातळ आवरण एकाएकीं फाटतें, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि वाट मिनिटांत बंद होते. अशा आवरणाची जाडी ६५ मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहून, कमी असूं शकते. जाडी निम्मी झाली कीं त्यांतील ताण साधारण दुप्पट होतो. रिचर्डसन, डेव्हिस आणि बॉर्न यांनीं १९८९ मध्यें गणकयंत्रावर हा ताण काढून दाखविलें कीं, तो बहुधा आवरणाच्या कडेला, जेथें तें निरोगी भिंतीस मिळतें तेथें, एकवटतो. आणि प्रत्यक्षांतहि आवरण बहुधा तेथेंच फाटलेलें आढळतें. हा लेप वाट ८० टक्के अडविणाराच असला पाहिजे असें नाहीं. ३०-४० टक्के अडविणाराहि फाटतो.

म्हणजे पाटीवर दोन निराळे प्रश्न आहेत. रक्त किती जाईल, हा पहिला. त्याचें गणित आज पक्कें झालें असून रुग्णालयांत कामास येतें. लेप केव्हां फाटेल, हा दुसरा. त्याचें गणित जागा दाखवितें, तारीख सांगत नाहीं. आवरणाचें बळ जिवंत मनुष्यांत बिनचूक मोजतां येत नाहीं, आणि गणिताच्या घाण्यांत जसे तीळ घालावे तसें तेल निघतें. अण्णांना मीं पहिल्या प्रश्नापुरतें निर्भय केलें, परंतु त्याच बैठकींत हेंहि बजावलें कीं, "तुमचे ५० टक्के म्हणजे उद्यां मरण नव्हे, तसेंच तें अभयपत्रहि नव्हे. डॉक्टरांचें औषध एक दिवसहि चुकवूं नका." ते पाटीकडे पाहत बराच वेळ गप्प बसले. मग खिशांतील तपकिरीची डबी काढून त्यांनीं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही राशि तरी माझ्या हातचीच आहे ना?"

मला वाटतें, या साऱ्या गणिताचें सार त्या प्रश्नांत आलें. समीकरणांत कांहीं राशि आपल्या हातीं नसतात. रोहिणीस फांटा कोठें फुटावा, वळण कसें असावें, वय किती झालें, हें आपण बदलूं शकत नाहीं. परंतु भिंतींत शिरणाऱ्या मेदाचें रक्तांतील प्रमाण, आवरणास ताणणारा दाब, आणि अस्तरास जाळणारी तंबाखू व विडी ह्या त्याच समीकरणांतील राशि आहेत, आणि त्या मनुष्याच्या, त्याच्या वैद्याच्या आणि त्याच्या घरच्या माणसांच्या हातीं आहेत. लेपाची वाढ वर्षांच्या घड्याळावर चालते. म्हणून या राशींत आज केलेला थोडासा बदलहि वर्षांच्या गुणाकारानें मोठा होतो. गुणाकार वाईट बाजूनें चालूं द्यावयाचा कीं चांगल्या, एवढाच निर्णय उरतो.

आपल्यापैकीं कोणाच्या हातीं असा कागद आला, तर टक्के वाचून खचूं नका आणि गर्वहि करूं नका. कशाचे टक्के, हें प्रथम विचारा. श्रमाच्या वेळीं रक्त किती जातें, हें विचारा. आणि भिंतींतील रोग आवरण्यास काय करावयाचें, हें सर्वांत आधीं विचारा.